प्री-बॉट्झिंगर समूह

लंबमज्जेच्या (मेंदूच्या मेरुरज्जूला जोडणाऱ्या सर्वांत खालच्या भागाच्या) अधर-पार्श्व म्हणजे पोटाकडील व कडेच्या भागात, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस एकेक असलेला तंत्रिका कोशिकांचा लहान समूह. सस्तन प्राण्यांत श्वास आत घेण्याची लय येथे उपजते, असे आता बहुतेक संशोधक मानतात. त्याविषयीचे ज्ञान मुख्यतः रॅट व माऊस या दोन प्रयोगशाळेतील उंदरांवरून आलेले आहे. हृदय शरीराबाहेर काढले तरी काही काळ ठोके देत राहते. मध्यपटलाचे, म्हणजे छाती व पोट यांमधील श्वसनाच्या स्नायूचे, तसे नाही. त्याला स्वतःची लय नसल्याने प्रत्येक श्वासाचा हुकूम मस्तिष्कस्तंभाकडून (लंबमज्जा ज्यात मोडते त्या मेंदूच्या बुंध्याकडून) मेरुरज्जूमार्गे यावा लागतो.

श्वसनाचे केंद्र लंबमज्जेत असल्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लगाल्वा या फ्रेंच वैद्याने सशांचा मेंदू पुढून मागे क्रमाने कापत नेला. व्हेगस या दहाव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या उगमाजवळचा भाग कापला जाताच श्वास थांबतो, असे त्याला आढळले. फ्लूरांस या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने त्या जागेला ‘प्राणगाठ’ या अर्थाचे नाव दिले. लम्सडेन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून मांडलेली श्वसनकेंद्रांची उतरंड पाठ्यपुस्तकांत बराच काळ टिकली. लय नेमकी कोठे उपजते हे मात्र तिच्यावरून ठरत नव्हते.

नावाचा उगम विलक्षण आहे. बॉट्झिंगन हे जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील द्राक्षमळ्यांचे गाव. जर्मनीत हिर्शहॉर्न येथे भरलेल्या एका बैठकीच्या वेळी, जेवणाच्या टेबलावरील वाइनच्या बाटलीवरचे नाव जॅक फेल्डमन या अमेरिकन तंत्रिकाशास्त्रज्ञांनी शेजारच्या उच्छ्वसनी (श्वास सोडण्याशी संबंधित) कोशिकांच्या समूहाला सुचवले, असे सांगितले जाते. प्रस्तुत समूह त्या बॉट्झिंगर समूहाच्या मागे, म्हणजे मेरुरज्जूच्या बाजूस आहे; तेव्हा ‘प्री’ हा उपसर्ग शरीररचनेच्या दृष्टीने फसवाच म्हणावा लागेल.

निर्णायक प्रयोग १९९१ मध्ये स्मिथ, फेल्डमन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. नवजात रॅटचा मस्तिष्कस्तंभ व मेरुरज्जू बाहेर काढून जिवंत ठेवण्याची पद्धत सुझुए यांनी १९८४ मध्ये वापरली होती. तिचा आधार घेऊन स्मिथ व सहकाऱ्यांनी ऊतीच्या पातळ चकत्या एकेक करून काढल्या आणि लय कोणत्या पातळीवर बंद पडते ते पाहिले. अखेर सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची एक आडवी चकती उरली. ऑक्सिजन सोडलेल्या, पोटॅशियम वाढवलेल्या क्षारद्रवात ती ठेवली असता जिभेकडे जाणाऱ्या बाराव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या मुळाशी विद्युत् आवेगांचे झुबके काही सेकंदांच्या अंतराने उमटत राहिले. फुप्फुस नाही, मध्यपटल नाही, तरी श्वासाची खूण चालू. जिवंत रॅट स्वस्थ असताना मिनिटाला साधारण शंभराच्या आसपास श्वास घेतो. चकतीची लय त्याहून कितीतरी संथ असते.

लय कशी निर्माण होते याबद्दल मतभेद आहेत. एका मताप्रमाणे काही कोशिका स्वयंस्फूर्त गतिकारक असतात. पटलातून सावकाश आत झिरपणारा, सहज बंद न होणारा सोडियम प्रवाह त्यांना पुनःपुन्हा उद्दीपनाच्या उंबरठ्यावर नेतो. बुटेरा, रिंझेल व स्मिथ यांची १९९९ मधील गणिती प्रारूपे याच मताची. परंतु हा प्रवाह दडपणारे रिलुझोल हे औषध दिल्यावरही चकतीतील लय टिकल्याचे डेल नेग्रो व सहकाऱ्यांना २००२ मध्ये आढळले. उलट ग्लुटामेट या उद्दीपक संदेशवाहक रसायनामार्फत होणारे परस्पर-उद्दीपन रोखले की लय थांबते. त्यामुळे कोशिका एकमेकींना चिथावत सामूहिक झुबक्यापर्यंत पोचतात, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. निरोधक (एकमेकींना आवरणारे) संपर्क बंद केले तरी चकतीतील लय चालू राहते. सबंध प्राण्यात निरोधाचे महत्त्व किती, यावर मात्र एकमत नाही.

हा समूह अत्यावश्यक असल्याचे पुरावे त्यामानाने भक्कम आहेत. पी द्रव्य (सब्स्टन्स पी) या पेप्टाइडाचे ग्राही बाळगणाऱ्या येथील कोशिका विषाने नष्ट केल्यावर प्रौढ रॅटचे श्वसन कमालीचे अनियमित झाले (२००१). सोमॅटोस्टॅटिन हे पेप्टाइड असलेल्या कोशिका जागेपणी निष्क्रिय केल्या असता श्वास पूर्ण थांबला (२००८). या कोशिका घडण्यास लागणारे डीबीएक्स-१ जनुक नसलेली माऊसची पिले जन्मतः श्वास घेत नाहीत आणि मरतात (२०१०). रोबो-३ जनुकाअभावी मध्यरेषा ओलांडणारे तंतू तयार होत नाहीत. मग डावी व उजवी बाजू आपापल्या तालाने चालतात.

विश्रांतीतील उच्छ्वास बहुतांशी निष्क्रिय असतो. जोराने श्वास सोडण्यासाठी आनन (चेहऱ्याच्या) तंत्रिका-केंद्राजवळील वेगळा आंदोलक असावा, असे यान्चेव्हस्की व फेल्डमन यांनी २००६ मध्ये मांडले. त्याच परिसरातील फॉक्स-२बी जनुक व्यक्त करणाऱ्या कोशिका कार्बन डाय-ऑक्साइडाची वाढ ओळखून श्वसन वाढवतात. श्वासांमधून अधूनमधून येणारा उसासादेखील प्री-बॉट्झिंगर समूहातूनच निघतो. दोन पेप्टाइडे त्याचे प्रमाण वाढवतात, असे २०१६ मध्ये दिसून आले. अफूवर्गीय औषधांनी श्वसन मंदावते त्यात या समूहाचा वाटा आहे, पण लंबमज्जेच्या वरच्या सेतू या भागातील केंद्रांचाही असल्याचे अलीकडील माऊसवरील प्रयोग सुचवतात.

माणसात याच जागी तुल्य समूह असल्याचे मरणोत्तर ऊतीच्या रंजनावरून २०११ मध्ये वर्णिले गेले. बहुतंत्र अपक्षय (मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी) या मेंदूच्या विकारात तेथील कोशिका घटलेल्या आढळतात.