रिटर्न टाइप (पीएचपी)

पीएचपी या वेब प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एखादे फंक्शन (नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा) किंवा क्लासमधली मेथड (क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, मेथड म्हणजे त्यातले फंक्शन) काम संपवून कोणत्या प्रकारची व्हॅल्यू परत देणार, हे कोडमध्येच लिहून ठेवण्याची सोय म्हणजे रिटर्न टाइप. पॅरामीटरचा कंस बंद झाला की अपूर्णविराम येतो आणि त्यापुढे प्रकाराचे नाव येते: इंट (पूर्णांक), स्ट्रिंग (मजकूर), बूल (हो किंवा नाही), अ‍ॅरे (अनेक व्हॅल्यूंचा संच) किंवा एखाद्या क्लासचे वा इंटरफेसचे नाव. ३ डिसेंबर २०१५ रोजी आलेल्या पीएचपी ७.० पासून ही सोय आहे. रास्मुस लेर्डॉर्फ यांनी ही भाषा लोकांसमोर ठेवली १९९५ मध्ये. म्हणजे मधली वीस वर्षे ही माहिती फार तर फंक्शनच्या वरच्या कॉमेंटमध्ये असे, आणि ती कॉमेंट खरी आहे की कोड बदलताना शिळी झाली आहे, हे भाषा कधीच तपासत नसे. आता दिलेला शब्द मोडला तर टाइपएरर (प्रकार चुकल्याची एरर) येतो आणि चूक जिथे झाली तिथेच पकडली जाते.

रिटर्न टाइप कसा निवडावा, हा प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण तो मेथड लिहिणारा आणि ती बोलावणारा यांच्यातल्या विश्वासाचा आहे. बोलावणाऱ्याला मेथडच्या आत डोकवावे लागू नये, यासाठी ही ओळ असते. म्हणून प्रकार शक्य तितका नेमका असावा आणि एका उत्तराचे दोन अर्थ निघू नयेत. पीएचपीच्या जुन्या फंक्शनांनी नेमके हेच सांभाळले नाही, आणि त्याची किंमत अजून मोजावी लागते.

एका उत्तराचे दोन अर्थ

स्ट्रपॉस हे फंक्शन एका स्ट्रिंगमध्ये दुसरी स्ट्रिंग कुठे आहे ते सांगते. सापडली तर जागेचा आकडा मिळतो, नाही तर फॉल्स, म्हणजे ‘नाही’. मोजणी शून्यापासून असल्याने शब्द अगदी सुरुवातीलाच असेल तर उत्तर शून्य येते. दोन बरोबरचिन्हांच्या सैल तुलनेत पीएचपी शून्य आणि फॉल्स एकच मानते. परिणाम असा की शब्द पहिल्याच जागी आहे आणि प्रोग्रॅम म्हणतो, सापडला नाही. तीन बरोबरचिन्हे लावून काटेकोर तुलना केली की हे टळते. पीएचपी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा धडा एकदा तरी ठेच लागूनच मिळतो.

पण चूक शिकणाऱ्याची नव्हती. त्याला विचारायचे होते ‘हा शब्द आहे का’, आणि हाताशी फंक्शन होते ते ‘कुठे आहे’ सांगणारे. २६ नोव्हेंबर २०२० रोजी आलेल्या ८.० आवृत्तीत स्ट्र_कंटेन्स, स्ट्र_स्टार्ट्स_विथ आणि स्ट्र_एंड्स_विथ ही तीन फंक्शने आली. तिन्हींचा रिटर्न टाइप बूल. प्रश्न हो-नाहीचा होता, उत्तरही हो-नाहीचे झाले. त्याच आवृत्तीत युनियन टाइप (‘हा किंवा तो’ असा जोडप्रकार) आल्याने स्ट्रपॉसची खरी ओळखही कोडमध्ये मांडता आली: इंट किंवा फॉल्स.

जेसन (माहितीची देवाणघेवाण करायचा मजकुरी साचा) वाचणाऱ्या जेसन_डिकोड या फंक्शनची गोष्ट याच जातीची. मजकूर बिघडलेला असेल तर ते नल (‘काहीच नाही’ ही व्हॅल्यू) देते, आणि मजकुरात खरोखरच नल लिहिलेले असेल तरीही नलच देते. ७.३ पासून एक झेंडी (जादा पर्याय) लावली की बिघाडावर एक्सेप्शन (नेहमीचे काम तिथेच थांबवणारी एरर) मिळते आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या होतात.

सापडले नाही तर काय परत द्यावे

वेबवरच्या बहुतेक मेथड काही तरी शोधतात: क्रमांकावरून ग्राहक, ईमेलवरून खाते, तारखेवरून ऑर्डरी. शोधलेले नसेल तेव्हा काय द्यायचे, इथे रिटर्न टाइपचा खरा कस लागतो.

पहिला मार्ग नलचा. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू भाषेसाठी नल संदर्भ आणला आणि २००९ मध्ये एका भाषणात त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. धोका नल असण्यात कमी आणि तो न सांगता येण्यात जास्त आहे. पीएचपी ७.० मध्ये क्लासचे नाव रिटर्न टाइप म्हणून दिले की नल देताच येत नसे, म्हणून अनेकांनी अशा मेथडना प्रकार लिहिणेच टाळले. ७.१ मध्ये प्रकाराच्या आधी प्रश्नचिन्ह लावायची सोय आली. ‘?ग्राहक’ असे वाचले की बोलावणाऱ्याला आधीच कळते: ग्राहक मिळेल किंवा काहीच मिळणार नाही, दोन्हीची तयारी ठेवा. एका खुणेने इतके काम करणारी दुसरी सुधारणा या भाषेत मला दिसत नाही.

दुसरा मार्ग एक्सेप्शनचा. लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्याच्या) इलोक्वंट या डेटाबेस हाताळणाऱ्या भागात दोन्ही मार्ग शेजारी ठेवले आहेत. फाइंड ही मेथड नोंद नसेल तर नल देते. फाइंडऑरफेल एक्सेप्शन टाकते आणि ते कोणी पकडले नाही तर ब्राउझरला ४०४ (सापडले नाही) हे उत्तर जाते. निवड सोपी आहे. नसणे हा रोजच्या व्यवहाराचा भाग असेल, उदाहरणार्थ नोंदणीच्या वेळी ‘हा ईमेल आधी वापरला आहे का’ असे पाहायचे असेल, तर नल. नसणे म्हणजे पुढे करण्यासारखे काही उरलेच नाही अशी स्थिती असेल, तर एक्सेप्शन.

अनेक वस्तू देणाऱ्या मेथडने मात्र कधीही नल देऊ नये. ग्राहकाची एकही ऑर्डर नसेल तर उत्तर रिकामी अ‍ॅरे हेच. रिकाम्या अ‍ॅरेवरून फॉरईच (प्रत्येक घटकावरून फिरणारे लूप) एकदाही न फिरता सुरळीत पुढे जाते; नलवर तेच फॉरईच वॉर्निंग देते, आणि मग प्रत्येक ठिकाणी आधी तपासणीची ओळ लिहावी लागते.

अ‍ॅरे: सर्वांत सैल शब्द

अ‍ॅरे हा प्रकार लिहायला सर्वांत सोपा आणि सांगायला सर्वांत मुका. पीएचपीची अ‍ॅरे एकाच वेळी ओळीने लावलेली यादीही असते आणि नाव-व्हॅल्यूंचा कोशही. आत ग्राहक आहेत, आकडे आहेत की आणखी अ‍ॅरे, हे त्या शब्दातून कळत नाही, कारण पीएचपीमध्ये जेनेरिक्स (‘ग्राहकांची यादी’ असा आतला प्रकारही सांगायची सोय) नाहीत. ही उणीव डॉकब्लॉकमधल्या (फंक्शनच्या वरच्या ठरावीक कॉमेंटमधल्या) खुणा आणि त्या वाचणारी पीएचपीस्टॅन, साम यांसारखी तपासणीची साधने भरून काढतात. ती कोड चालवण्याआधी पाहणी करतात. प्रोग्रॅम चालू असताना त्यांचा पहारा नसतो.

याचा फटका वेबवर बसतो तो जेसन करताना. पाच वस्तूंच्या यादीतून अ‍ॅरे_फिल्टरने दोन वगळल्या तर उरलेल्यांचे जुने क्रमांक तसेच राहतात. क्रमात खंड पडला की जेसन_एन्कोड त्या यादीचा ऑब्जेक्ट करते, चौकटी कंसांऐवजी महिरपी कंस येतात आणि मोबाइल अ‍ॅपमधला यादीची वाट पाहणारा कोड कोसळतो. अ‍ॅरे_व्हॅल्यूजने क्रमांक नव्याने लावले की हे मिटते. उलटही घडते. सेटिंग्जचा कोश रिकामा असेल तर तो रिकाम्या यादीसारखा बाहेर पडतो. दोन्ही वेळा मेथडवर अ‍ॅरे असेच लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते. म्हणून बाहेरच्या जगाला जाणाऱ्या उत्तरासाठी छोटा क्लास लिहावा आणि त्याचे नाव रिटर्न टाइप म्हणून द्यावे.

लाखभर ओळींचा अहवाल द्यायचा असेल तर सगळी अ‍ॅरे मेमरीत उभी करण्यापेक्षा जनरेटर (मागेल तशी एकेक व्हॅल्यू देणारी सोय) बरा. तो २०१३ च्या ५.५ आवृत्तीपासून आहे. अशा मेथडवर इटरेबल (ज्यावरून फिरता येते असे काहीही) लिहिले तर आत अ‍ॅरे आहे की जनरेटर, हे पुढे बदलता येते. मात्र जनरेटरवरून एकदाच फिरता येते आणि त्याला काउंट (घटक मोजणारे फंक्शन) लावता येत नाही. बोलावणाऱ्याला यांतले काही लागणार असेल तर इटरेबल हा शब्द त्याला अपुरा पडेल.

कंट्रोलर काय परत देतो

वेब फ्रेमवर्कमध्ये एका मेथडचा परतावा सरळ ब्राउझरकडे जातो, ती कंट्रोलरची मेथड. सिम्फनी या फ्रेमवर्कचा नियम कडक आहे: कंट्रोलरने रिस्पॉन्स (तयार उत्तराचा) ऑब्जेक्ट द्यायचा. लॅराव्हेल उदार आहे. स्ट्रिंग दिली तर पान होते, अ‍ॅरे किंवा मॉडेल (तक्त्यातल्या नोंदीचा ऑब्जेक्ट) दिले तर जेसन होते. ही उदारता सुरुवातीला सुखाची वाटते. पण मॉडेल थेट परत दिले की तक्त्यात पुढे वाढवलेला रकाना, तो मुद्दाम लपवला नसेल तर, आपोआप बाहेर जातो. कोणी तरी आतल्या वापरासाठी शेरा नावाचा रकाना जोडतो आणि तो ग्राहकाच्या फोनपर्यंत पोहोचतो. त्यासाठी वेगळा रिसोर्स क्लास (बाहेर कोणते रकाने जातील ते ठरवणारा) लिहायची वीस मिनिटे मला कधीही महाग वाटत नाहीत.

फ्रेमवर्क कोणतेही असले तरी चालावे यासाठी पीएसआर नावाचे सामाईक संकेत आहेत. पीएसआर-७ मधला रिस्पॉन्स बदलत नाही. विथहेडर, विथस्टेटस या मेथड नवा ऑब्जेक्ट परत देतात आणि जुना जसाच्या तसा राहतो. परत आलेला ऑब्जेक्ट कुठे धरून ठेवला नाही तर हेडर (उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) हरवतो आणि एरर काहीच येत नाही. परत मिळालेली व्हॅल्यू टाकून दिली तर इशारा देणारी नोडिस्कार्ड ही खूण ८.५ आवृत्तीत आली, ती अशाच चुकांसाठी.

वॉइड, स्टॅटिक, नेव्हर

ज्या मेथडला काही परत द्यायचे नाही तिच्यासाठी ७.१ पासून वॉइड आहे. बर्ट्रांड मेयर यांनी आयफेल भाषेसोबत मांडलेला संकेत इथे उपयोगी पडतो: स्थिती बदलणाऱ्या मेथडने उत्तर देऊ नये आणि उत्तर देणारीने काही बदलू नये. नवी ऑर्डर साठवून तिचा क्रमांक परत देणाऱ्या मेथडपुरता हा संकेत वाकवावा लागतो.

साखळीने (एकीच्या उत्तरावर लगेच दुसरी) बोलावायच्या मेथडसाठी ८.० मध्ये स्टॅटिक आला, म्हणजे ज्या क्लासवर बोलावले त्याचाच ऑब्जेक्ट. सेल्फ लिहिले तर तो मूळ क्लासचा शब्द होतो आणि पोटक्लासच्या (त्याचा वारसा घेणाऱ्या क्लासच्या) मेथड साखळीत एडिटरला दिसेनाशा होतात. ८.१ मधला नेव्हर म्हणजे ही मेथड परत येणारच नाही; ती एक्सेप्शन टाकेल किंवा प्रोग्रॅम थांबवेल.

वारसा

पोटक्लासने मूळ क्लासपेक्षा नेमके वचन द्यावे, सैल देऊ नये. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व हेच सांगते. मूळ मेथड कागदपत्र देत असेल तर पोटक्लासने पावती द्यावी. पावती हे कागदपत्रच आहे. पीएचपीने याला पूर्ण मोकळीक ७.४ मध्ये, २०१९ साली दिली. ८.१ मध्ये भाषेच्या स्वतःच्या अनेक मेथडना रिटर्न टाइप लागले. जुन्या क्लासमधल्या काउंट, ऑफसेटगेट, जेसनसिरिअलाइज या मेथडवर प्रकार नव्हता, म्हणून लॉग इशाऱ्यांनी भरून गेले. रिटर्नटाइपविलचेंज ही खूण लावून ते गप्प करता येतात, पण जिथे शक्य तिथे प्रकार लिहावा.

प्रकार बरोबर, अर्थ चूक

स्ट्रिक्ट_टाइप्स ही घोषणा फाइलच्या माथ्यावर नसेल तर इंट लिहिलेल्या फंक्शनने आकड्याची स्ट्रिंग दिली तरी पीएचपी ती मुकाट्याने बदलून घेते. घोषणा असेल तर टाइपएरर. रिटर्न टाइपच्या बाबतीत फंक्शन ज्या फाइलमध्ये लिहिले तिची घोषणा चालते, बोलावणाऱ्या फाइलची नाही. मराठी फॉर्मवर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: देवनागरी अंकांतली ‘५’ ही स्ट्रिंग पीएचपीला आकडा वाटतच नाही, त्यामुळे घोषणा नसली तरीही टाइपएरर येतो.

पैशांच्या मेथडवर फ्लोट (दशांश संख्या, जी नेमकी साठतेच असे नाही) लिहू नये. १९.९९ गुणिले १०० करून त्याचा इंट केला तर १९९९ येत नाही, १९९८ येतो. किंमत पैशांत, इंट म्हणून द्यावी.

आणि इंट लिहिले तरी कशाची मोजणी, हे उरतेच. ‘मराठी’ या शब्दाला स्ट्रलेन १५ म्हणते, कारण यूटीएफ-८ या अक्षरे साठवायच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. एमबी_स्ट्रलेन ५ म्हणते, कारण काना आणि वेलांटी ते वेगळी मोजते. ग्राफीम_स्ट्रलेन ३ म्हणते: म, रा, ठी. तिन्ही उत्तरे इंटच आहेत. नावाच्या रकान्याची अक्षरमर्यादा तपासणाऱ्या मेथडला वाचणाऱ्या माणसाची मोजणी हवी असते, म्हणजे शेवटची.