गाडी कुठे रखडते?

न्यू जर्सीत एडिसन, प्रिन्स्टन जंक्शन या भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्यापैकी जे रोज रेल्वेने मॅनहॅटनला कामाला जातात, त्यांना हॅकेन्सॅक नदीवरच्या पोर्टल पुलाची ओळख करून द्यावी लागत नाही. १९१० साली बांधलेला हा पूल पाण्यापासून जेमतेम ७ मीटर उंच. नदीतून उंच बोट आली की पुलाचा मधला भाग आडवा फिरतो, बोट निघून जाते आणि तो भाग परत जागेवर येतो. निदान यायला हवा. शंभरी ओलांडलेला तो सांगाडा कधी कधी नीट बसतच नाही. मग कर्मचारी घण घेऊन येतात आणि रुळांची टोकं ठोकून ठोकून जुळवतात. तोवर दोन्ही बाजूंना गाड्या खोळंबलेल्या असतात. या पुलावरून दिवसाला सुमारे ४५० गाड्या जातात.

बोस्टन, न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन यांना जोडणारा हा ७३५ किलोमीटरचा मार्ग म्हणजे अमेरिकेतली सर्वांत गजबजलेली रेल्वे. ती सुधारायला सरकारने पैसे द्यायचे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : गाडी ताशी किती किलोमीटरने धावणार? माझ्या मते विचारायला हवं ते दुसरंच. गाडी रखडते कुठे?

हिशेब करून पाहू. २०११ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने न्यू जर्सीतल्या ट्रेन्टन ते न्यू ब्रन्सविक या टप्प्यासाठी ४५ कोटी डॉलर दिले. टप्पा साधारण ३७ किलोमीटरचा. कमाल वेग ताशी २१७ किलोमीटरवरून २५७ पर्यंत न्यायचा, हे उद्दिष्ट. पूर्ण टप्पा या कमाल वेगाने कापला असं धरलं, तर आधी १० मिनिटं १४ सेकंद लागायचे, आता ८ मिनिटं ३८ सेकंद लागतील. वाचले ९६ सेकंद.

आता बाल्टिमोरला जाऊ. तिथला रेल्वे बोगदा १८७३ चा आहे, म्हणजे महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला त्याच वर्षीचा. लांबी सुमारे २.३ किलोमीटर, आणि आतून गाडी ताशी ४८ किलोमीटरच्या वर नेता येत नाही. म्हणजे बोगदा ओलांडायला जवळजवळ ३ मिनिटं. हेच अंतर ताशी १६० ने कापलं तर ५२ सेकंद पुरतात. वाचली २ मिनिटं, तीही फक्त बोगद्यातली. शेकडो टन वजनाची गाडी बोगद्याआधी हळू करणं आणि नंतर पुन्हा वेगात आणणं यात जाणारा वेळ वेगळाच. ३७ किलोमीटरवर विक्रमी वेग गाठून जे साधत नाही, ते २.३ किलोमीटरचा अडथळा काढून साधतं. कारण सोपं आहे : वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, आणि भाजक लहान असतो तेव्हाच त्यातल्या वाढीचा परिणाम मोठा दिसतो.

याचा अर्थ न्यू जर्सीतले ४५ कोटी वाया गेले असा नाही. तिथे जुन्या विजेच्या तारा बदलणं हा कामाचा मोठा भाग होता, आणि त्या तारांचं भौतिकशास्त्र मला फार आवडतं.

न्यू यॉर्कच्या दक्षिणेकडच्या तारा १९३० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया रेलरोडने टांगल्या, दोन्ही टोकांना पक्क्या बांधून. तांब्याची १ किलोमीटर तार ३० अंशांनी तापली की सुमारे अर्धा मीटर लांबते. टोकं बांधलेली असल्यामुळे ही वाढ जाणार कुठे? तार खाली झोळते आणि सैल होते. इंजिनाच्या टपावरचा पँटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा सांगाडा, तारेला खालून रेटत धावत असतो. त्या रेट्याने तारेत लाट उठते आणि गाडीच्या पुढे पळते. कपडे वाळत घालायच्या दोरीला टिचकी मारून बघा, अशीच लाट दिसेल. दोरी जितकी ताणलेली, तितकी लाट वेगवान. सैल तारेत ती मंदावते. गाडी तिला गाठू लागली की पँटोग्राफचा स्पर्श सुटायला लागतो, ठिणग्या उडतात, कधी तारच तुटते. म्हणून इंजिनात ताकद असूनही वेगाला वर तारेकडूनच लगाम बसतो.

यावरचा उपाय आपण रोज पाहतो, फक्त लक्ष जात नाही. मुंबई-पुणे मार्गावर काही खांबांना कप्पीवरून लोंबणारी जड वजनं दिसतात. तार लांबली की वजन खाली सरकतं, आखडली की वर जातं आणि ताण उन्हाळ्या-हिवाळ्यात सारखाच राहतो. न्यू जर्सीत बसवायची होती ती हीच, ताण कायम राखणारी व्यवस्था.

सर्वांत गंभीर दुखणं मात्र हडसन नदीच्या तळाखाली आहे. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला जाणारे रेल्वेचे दोन बोगदे, प्रत्येकात एकच रूळमार्ग, हेही १९१० चे. आणखी बोगद्यांचं काम २००९ मध्ये सुरू झालं होतं. पण खर्च राज्याला पेलणार नाही असं सांगून न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये ते रद्द केलं. दोनच वर्षांनी, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, सँडी वादळाने जुन्या बोगद्यांत समुद्राचं पाणी शिरलं. पाणी उपसलं, गाड्या सुरू झाल्या, पण क्लोराइड आणि सल्फेट क्षार भिंतींत राहून गेले. क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत पोलादापर्यंत जातं आणि त्याला गंज चढवतं. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो, त्यामुळे काँक्रीट आतूनच फुटतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या समुद्राकाठच्या इमारतींचे सुटलेले पोपडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा रोग ओळखीचा आहे.

दुरुस्तीसाठी एकेक बोगदा पूर्ण बंद ठेवावा लागेल. दोनांतला एक बंद केला तर वाहतूक निम्मी होईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात गर्दीच्या वेळी तासाला जाणाऱ्या २४ गाड्यांच्या ६ होतील असा अंदाज आहे. याचं कारण, आज एक बोगदा जायचा आणि एक यायचा असतो, त्यामुळे गाडीमागून गाडी सोडता येते. एकच उरला की एका दिशेच्या गाड्या पूर्ण बाहेर पडेपर्यंत समोरच्यांना थांबावं लागतं, आणि दर वेळी दिशा बदलताना बोगदा काही मिनिटं रिकामाच राहतो. घाटात एकेरी वाहतूक केली की रांग कशी लांबते, ते आठवून पाहा. म्हणून आधी नवे बोगदे आणि मगच जुन्यांची दुरुस्ती, याला पर्याय नाही.

हे सगळं इतकं रखडलं ते पैसा कसा येतो त्यामुळेही. १९५६ पासून अमेरिकेत महामार्गांसाठी वेगळा निधी आहे, इंधनावरच्या करातून भरणारा. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ॲमट्रॅकला, म्हणजे तिथल्या शहराशहरांमधल्या प्रवासी रेल्वेला, दर वर्षी संसदेच्या तोंडाकडे बघावं लागलं. बोगदा बांधायला दहा वर्षं लागतात आणि अंदाजपत्रक एका वर्षाचं असतं. अशा स्थितीत रेल्वे डागडुजीच करणार, शंभर वर्षांचा पूल बदलायला घेणार नाही. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ही रीत बरीच बदलली. रेल्वेसाठी ६६ अब्ज डॉलर, तेही पाच वर्षांची बेगमी आधीच करून ठेवलेले. त्यातले ३६ अब्ज केंद्र आणि राज्यांच्या भागीदारीतल्या आंतरशहर प्रवासी रेल्वेसाठी. यात खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत वाटा केंद्राचा, बाकीचा राज्याने किंवा रेल्वेने उभा करायचा. मला यात रकमेपेक्षा ‘पाच वर्षं’ हे शब्द मोठे वाटतात.

या पैशातून मिळणारी आणखी एक गोष्ट हिशेबात सहसा धरली जात नाही. कल्याणला वीस मिनिटं उशिरा असलेली एक्सप्रेस सीएसएमटीला वेळेत पोहोचल्याचं आपण अनुभवलेलं असतं. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात जादा मिनिटं पेरून ठेवलेली असतात, म्हणून हे जमतं. जिथे पूल कधी अडकेल हे सांगता येत नाही, तिथे ही मिनिटं वाढवावी लागतात, आणि मग पूल न अडकलेल्या दिवशीही प्रवास लांबलेलाच राहतो. अडथळा काढला की पेरलेली मिनिटंही काढता येतात. एकाही गाडीचा कमाल वेग न वाढवता सगळ्याच गाड्या लवकर पोहोचतात.

पोर्टल पुलाशेजारी नव्या पुलाचं काम ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालं. जुन्याच्या दुपटीहून उंच, पाण्यापासून सुमारे १५ मीटरवर, आणि त्यात फिरणारा एकही भाग नाही. बोट खालून जाईल, गाडी वरून.