सपाट चित्र म्हणजे लबाडी नव्हे
संगणकावर घडवलेल्या त्रिमितीय दृश्यात सपाट चित्र लावणे ही नवशिक्यांची पळवाट आहे, हा समज बराच काळ फिरतो आहे. तो खरा नाही. १९९३ सालच्या ‘डूम’ या खेळातले राक्षस सपाट चित्रेच होती, आणि त्यांतले काही तर मातीच्या नमुन्यांचे वेगवेगळ्या बाजूंनी चित्रण करून घडवलेले होते. ब्लेंडर या त्रिमितीय दृश्ये घडवण्याच्या संगणक-प्रणालीत दूरचे झाड एका उभ्या प्रतलावर चित्ररूपाने लावले, तर हजारो पानांची जाळी, म्हणजे त्यांचे आकार घडवणारे बिंदू-रेषांचे विणकाम, उभारण्याचा भार वाचतो. खरी अडचण प्रकाशाची आहे: प्रतलाच्या कडेकडून ऊन आले की झाडाची सावली रेघेसारखी बारीक पडते. शिवाय चित्रातला पारदर्शक भागही संगणकाला तपासावाच लागतो, त्यामुळे एकामागे एक शंभर झाडे लावल्यास ‘हलके’ म्हणवले जाणारे दृश्यही रेंडर होताना, म्हणजे संगणक त्याचे अंतिम चित्र तयार करत असताना, रेंगाळते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.