शिशाच्या गोळीवरचे कागदी वेष्टण : पार्श्वभूमी

मोठ्या नळीच्या रायफलीसाठी शिशाची गोळी स्वतः ओतून तिच्यावर हाताने कागद चढवणारे नेमबाज आजही आहेत. तांब्याच्या कवचाची तयार गोळी मिळत असताना एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर शिसे आणि पोलादी नळी यांच्या जुन्या वैरात आहे.

शिसे जड असल्यामुळे त्याची गोळी लांबवर वेग टिकवते. पण ते मऊही असते. नळीच्या आत गोळीला फिरवण्यासाठी पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात, त्यांना आटे म्हणतात; त्या आट्यांवर घासत जाताना त्याचा पातळ थर नळीत चिकटून राहतो आणि असे थर साचले की पुढच्या गोळीचा नेम ढळतो. त्यात काळ्या दारूची, म्हणजे बंदुकीच्या जुन्या धुरकट दारूची भर पडते. ही दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग धूर आणि कीट होऊन उरतो आणि ते कीट नळीत घट्ट बसते. ठासणीच्या रायफलीत यावर एक उपाय रुळला होता. गोल गोळी तेलकट कापडाच्या तुकड्यात धरायची आणि गजाने खाली ठासायची. आटे पकडायचे ते कापडाने. शिशाचा नळीला स्पर्शच होत नसे. पुढे लांबट गोळी आली आणि कापडाची जागा कागदाने घेतली.

फ्रान्सच्या क्लोद-एतिएन मिनिए यांची पोकळ बुडाची गोळी १८४९ची. ती नळीपेक्षा जराशी बारीक असल्याने सहज आत उतरायची आणि बार झाला की तिचे बूड फुगून आट्यांत बसायचे. ब्रिटिशांच्या १८५३च्या एन्फिल्ड रायफलीची नळी ०.५७७ इंचाची होती आणि तिची गोळीही याच तत्त्वावर चालत असे. तिच्या काडतुसाचा कागद मात्र नुसते पाकीट नव्हता. शिपायाने टोक दाताने फाडून दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून गोळीचे टोक नळीच्या तोंडात सारायचे, वर उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गज मारायचा. म्हणजे चरबी लावलेला कागद गोळीभोवती तसाच राहून तिच्याबरोबर आत जायचा. गायीच्या आणि डुकराच्या चरबीच्या संशयावरून १८५७ साली ज्या काडतुसांवर भडका उडाला, ती हीच. तो उठाव निव्वळ काडतुसांमुळे झाला नाही, हे खरे. पण त्या कागदाला वंगण का लागत होते, हे लक्षात घेतल्याशिवाय ते प्रकरण अर्धेच समजते.

एन्फिल्डची नळी लांब पल्ल्यासाठी फारच रुंद होती. इंग्लिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी ०.४५१ इंचाची षट्‌कोनी नळी केली, तिच्या आतल्या पोकळीला २० इंचांत एक पूर्ण पीळ दिला आणि १८५७च्या चाचण्यांत एन्फिल्डला सपशेल मागे टाकले. १८६० साली विम्बल्डनच्या पहिल्या नेमबाजी स्पर्धेचे उद्‌घाटन राणी व्हिक्टोरियाने याच रायफलीने केले. रायफल यंत्रावर घट्ट बसवलेली होती, अंतर ४०० यार्ड होते आणि गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली.

माझ्या मते या इतिहासातला खरा कळीचा माणूस विल्यम एलिस मेटफर्ड. व्यवसायाने ते अभियंता होते. षट्‌कोनी नळीची गरज नाही आणि खोल आट्यांचीही नाही, हे त्यांनी ओळखले. आटे इंचाच्या काही सहस्रांश एवढेच खोल ठेवायचे, गोळीचे शिसे थोडे कडक करायचे, तिच्यावर कागद चढवायचा आणि बाकीचे काम दारूच्या धक्क्यावर सोडायचे. त्या धक्क्याने गोळी आखूड आणि जाड होते, कागदासकट आट्यांत दाबली जाते, फिरत बाहेर पडते आणि नळीच्या तोंडाशीच कागद तिला सोडून जातो. आटे उथळ असल्याने कागद आत फाटत नाही आणि कीटही पुसायला सोपे जाते. या रचनेचे पेटंट त्यांनी १८६५ साली घेतले.

या पद्धतीचे हिशेब किती नाजूक आहेत, ते आकडेच सांगतात. समजा आट्यांमधल्या समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर ०.४५० इंच आहे आणि कागदाची जाडी ०.००२ इंच. कागदाचे दोन वेढे दिले की गोळीच्या दोन्ही बाजूंना मिळून चार पदर होतात, म्हणजे ०.००८ इंच. तेव्हा उघडी गोळी ०.४४२ इंचाचीच हवी. कागद लांब धाग्यांचा, चिंध्यांपासून केलेला असला तर उत्तम. तो तिरक्या कडांनी कापतात, म्हणजे दुसरा वेढा संपताना कडेला कड नुसती भिडते, एकावर एक चढत नाही. पट्टी ओली करून गुंडाळायची आणि उरलेले शेपूट बुडाखाली पिळायचे किंवा दुमडायचे. वाळताना कागद आक्रसतो आणि गोळीला घट्ट धरून बसतो. कड एकावर एक आली, तर त्या बाजूला गोळी जाड होते आणि नळीत मध्यरेषा सोडून बसते.

ब्रिटिश सैन्याने १८७१ साली मार्टिनी-हेन्री स्वीकारली तेव्हा कागद मागून भरायच्या रायफलीतही आला. तिची गोळी ४८० ग्रेनची (सुमारे ३१ ग्रॅम), बारा भाग शिसे आणि एक भाग कथील अशा मिश्रणाची. तिच्यामागे ८५ ग्रेन दारू आणि दोहोंच्या मध्ये मेणाची चकती असे. ही चकती कीट मऊ ठेवायची. १८७९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू युद्धात रोर्क्स ड्रिफ्टला जी काडतुसे झाडली गेली, ती हीच.

अमेरिकेत या गोळीचा कस लागला तो चांदमारीत. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयरिश संघ ठासणीच्या रिग्बी रायफली घेऊन उतरला, तर अमेरिकन संघाकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन होत्या. अंतरे ८००, ९०० आणि १,००० यार्डांची. आयरिश संघातल्या एकाची गोळी दुसऱ्याच निशाणाच्या मध्यभागी लागली आणि तिचे गुण गेले. शेवटचा बार कर्नल जॉन बोडाइन यांचा. निकाल ९३४ विरुद्ध ९३१ असा अमेरिकेच्या बाजूने लागला. त्याच सुमारास याच जातीच्या अवजड गोळ्यांनी अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातले बायसनचे (रानगव्यांसारख्या जनावरांचे) कळप संपत होते. ती बाजू या रायफलींच्या कौतुकात झाकून ठेवू नये.

मग चित्र झपाट्याने पालटले. स्वित्झर्लंडचे एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ साली गोळीला तांब्याचे कवच दिले, १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूररहित दारू काढली आणि १८८६ची लेबेल रायफल तिच्यावर चालू लागली. नव्या वेगापुढे आणि उष्णतेपुढे साधे शिसे टिकेना. कवचाने कामे केली ती कागदाचीच : शिसे नळीपासून दूर ठेवणे आणि आट्यांची पकड घेणे. मेटफर्डचे आटे १८८८च्या ०.३०३ इंची ब्रिटिश ली-मेटफर्ड रायफलीत राहिले खरे, पण कॉर्डाइट या ब्रिटिश धूररहित दारूच्या उष्णतेने ते लवकर झिजू लागले आणि १८९५ साली त्यांच्या जागी खोल, धारदार कडांचे एन्फिल्ड आटे आले.

कागद मात्र पुरता गेला नाही. जुन्या मार्टिनी आणि शार्प्स ज्यांच्याकडे आहेत, त्यांना त्या नळ्यांना साजेशी गोळी हवी असते, आणि ती बहुधा कागद चढवलेली असते. शिवाय १९५६च्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमसारख्या आधुनिक मोठ्या रायफलींतही काही जण ती वापरतात, कारण नुसते वंगण लावलेले शिसे ज्या वेगाला नळीत चिकटू लागते, त्याच्या पुढेही कागद चढवलेली गोळी नेम धरते. मात्र जुन्या आणि नव्या नळ्यांचे माप एक नसते. काळ्या दारूसाठी गोळी कागदासह आट्यांच्या उंचवट्यांच्या मापाची करतात आणि ती फुगणे धक्क्यावर सोडतात. धूररहित दारूचा दाब वेगळ्या तऱ्हेने चढतो, त्यामुळे तिथे गोळी कागदासह समोरासमोरच्या आट्यांच्या तळांमधल्या अंतराच्या मापाची किंवा किंचित मोठी ठेवावी लागते.