कॅसिनोची रचना आणि खेळावरचा ताबा

जुगारगृहाची वास्तू, यंत्रे, पैशाची देवघेव आणि पाहुणचार यांची अशी आखणी, की आत आलेला माणूस जास्तीत जास्त वेळ खेळत राहील, तिला कॅसिनोची रचना म्हणतात. एखाद्या डावात कोणाला हरवण्याची कॅसिनोला गरज नसते. प्रत्येक खेळात त्याची गणिती आघाडी, म्हणजे पैजेतला सरासरी त्याच्याकडे राहणारा वाटा (हाउस एज), आधीच ठरलेली असते आणि डावांची संख्या वाढली की ती आपोआप उत्पन्नात उतरते. म्हणून रचनेचा सगळा रोख दोन डावांमधली उसंत काढून टाकण्यावर असतो. ताबा राखण्याचे जे उपाय खरोखर उपयोगी पडतात, ते ही उसंत परत आणतात.

हाउस एज आणि वेग

रूलेटमध्ये फिरत्या चाकावरची गोळी कोणत्या घरात थांबेल यावर पैज लावतात. युरोपीय रूलेटच्या चाकावर ३७ घरे असतात. एका आकड्यावर लावलेली पैज लागली तर ती परत मिळते आणि वर तिच्या ३५ पट मिळतात. बरोबरीचा हिशोब केला तर ३६ पट मिळायला हवेत. या फरकातून २.७० टक्के आघाडी निघते. अमेरिकी चाकावर आणखी एक शून्य असल्याने ३८ घरे होतात आणि आघाडी ५.२६ टक्क्यांवर जाते. ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ, कोणत्या पानांवर काय करायचे याच्या ठरलेल्या तक्त्यानुसार अचूक खेळला तर, नियम बरे असतील तिथे, ती साधारण अर्धा टक्का असते. मात्र ज्या टेबलावर ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्या दोन पानांतच २१ जमल्यास, ३:२ ऐवजी ६:५ दराने पैसे देतात, तिथे तीत सुमारे १.४ टक्क्यांची भर पडते. हा दर बहुधा टेबलाच्या कापडावरच छापलेला असतो आणि बसण्यापूर्वी तो वाचायलाच हवा. चिन्हांची चक्रे फिरवणाऱ्या स्लॉट मशीनबाबत असा अंदाज बांधता येत नाही. दिसायला सारख्या दोन मशीनची परताव्याची, म्हणजे लावलेल्या पैशांपैकी सरासरी परत मिळणाऱ्या भागाची, टक्केवारी वेगळी असू शकते. नेवाडा राज्यात कायद्याने किमान ७५ टक्के परतावा बंधनकारक आहे. प्रत्यक्षातला परतावा बहुधा त्याहून जास्त असतो.

अपेक्षित तोटा काढण्याचे सूत्र सोपे आहे : पैज × ताशी डाव × तास × हाउस एज. युरोपीय रूलेटवर प्रत्येक डावाला १० लावले आणि तासाला ४० डाव झाले, तर तासाचा सरासरी तोटा १०.८० होतो. तेच १० आठ टक्के आघाडीच्या स्लॉट मशीनवर तासाला ६०० वेळा लावले, तर तो ४८० होतो. टक्केवारीतला फरक तिपटीचा आहे, पण तोट्यातला चव्वेचाळीस पटींचा, आणि तो मुख्यतः वेगामुळे पडतो. ‘मी तर १०० घेऊनच बसलो होतो’ असे म्हणणाऱ्याच्या ध्यानात येत नाही की अधूनमधून जिंकलेले पैसे पुन्हा लावले जातात, तेच १०० अनेकदा फिरतात आणि प्रत्येक फेरीला आघाडी आपला वाटा कापून घेते.

यंत्रातली आखणी

आधुनिक स्लॉट मशीनमध्ये बटण दाबताच यादृच्छिक संख्या निवडली जाते आणि निकाल तिथेच ठरतो. त्यानंतर फिरणारी चक्रे तो निकाल फक्त दाखवतात. १९८४ मध्ये इंगे टेल्नेस यांना अमेरिकेत मिळालेल्या पेटंटमुळे हे तंत्र रूढ झाले. दिसणाऱ्या चक्रावर समजा २२ जागा असतील, तर संगणकातल्या आभासी चक्रावर ६४ किंवा त्याहून अधिक ठेवता येतात. जॅकपॉटच्या चिन्हाच्या वाट्याला त्यांतली एखादीच जागा येते, तर त्याच्या लगतच्या रिकाम्या जागांना अनेक दिल्या जातात. त्यामुळे मोठे चिन्ह रेषेच्या जरा वर किंवा जरा खाली थांबलेले वारंवार दिसते. ‘थोडक्यात हुकले’ असे वाटून माणूस पुन्हा बटण दाबतो, पण या हुकण्याचा पुढच्या डावाशी काडीचाही संबंध नसतो.

अनेक रेषांच्या मशीनमध्ये, म्हणजे एकाच डावात चिन्हांच्या अनेक रांगांवर पैज लावता येते तिथे, आणखी एक फसवा प्रकार आहे. २० रेषांवर एकेक क्रेडिट (मशीनवरचे पैजेचे एकक) लावले आणि ८ परत आले, तर १२ गेले. तरीही दिवे लुकलुकतात, जिंकल्याची धून वाजते. विजयाच्या वेशातला हा तोटा मेंदू जिंकण्याच्या खात्यात जमा करतो आणि आपण बरे खेळलो अशी समजूत होते. ब्रिटनने २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटवर असा जल्लोष बंद केला, आपोआप फिरण्याची सोय काढून टाकली आणि दोन फिरक्यांमध्ये किमान अडीच सेकंदांचे अंतर सक्तीचे केले. नियामकाने नेमके मर्मावर बोट ठेवल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

बक्षीस कधी येईल हे ठाऊक नसले की कृती सर्वांत चिवटपणे चालू राहते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले होते. स्लॉट मशीन त्याच तत्त्वावर चालते. चक्र आपल्या हाताने थांबवायचे बटण असेल, तर त्यात कौशल्याचा भासही मिसळतो. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये या भासाला नियंत्रणाचा भ्रम असे नाव दिले.

वास्तू, पैसा आणि पाहुणचार

जुन्या पद्धतीत छत बुटके, वाटा वळणावळणाच्या आणि घड्याळे-खिडक्या नाहीत, असा चक्रव्यूह असे. काटकोनात वळायचे म्हटले तर माणूस क्षणभर थांबून विचार करतो. वळणदार वाट त्याला न थांबवता मशीनपाशी नेते. १९९८ मध्ये लास व्हेगासला सुरू झालेल्या बेलाजिओ कॅसिनोमध्ये सजावटकार रॉजर थॉमस यांनी उंच छत, उजेड आणि उंची सजावट आणली. तिथे मन दडपून जाण्याऐवजी प्रसन्न होते आणि त्यामुळे माणूस रेंगाळतो. मार्ग निराळा, हेतू तोच. कॅसिनोत हवेतून प्राणवायू सोडतात, ही मात्र अफवा आहे. तसे करणे आगीच्या दृष्टीने अत्यंत धोक्याचे ठरेल.

चिप्स (पैशाऐवजी लावायच्या चकत्या), क्रेडिट आणि छापील तिकिटे यांमुळे नोट हातातून जाताना होणारी टोचणी बोथट होते. ग्राहक-कार्डावर प्रत्येक पैज नोंदली जाते, आणि वर दिलेल्याच सूत्राने काढलेल्या अपेक्षित तोट्याचा काही भाग ‘मोफत’ जेवण, खोली किंवा पेयाच्या रूपाने परत दिला जातो. ही भेट मिळवण्यासाठी जास्त खेळणे म्हणजे तिची किंमत कैक पटींनी मोजणे. मोफत मद्य तर कॅसिनोला सर्वांत स्वस्त पडते, कारण त्याने हिशोब आधी सुटतो. ऑनलाइन खेळांत पैसे भरणे क्षणाचे काम असते आणि काढायला वेळ लागतो. मधल्या काळात काढणीची मागणी रद्द करून पुन्हा खेळता येत असेल, तर ती सोय वापरू नये.

ताबा राखण्याचे उपाय

निर्णय आत जाण्यापूर्वी घ्यावा आणि तो आत मोडता येणार नाही अशी व्यवस्था करावी. मनाशी ठरवलेली मर्यादा मशीनसमोर टिकत नाही. पूर्ण गेली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढीच रक्कम रोख न्यावी. बँकेची कार्डे आणि फोनवरचे पैसे भरण्याचे ॲप सोबत नसावे. ती रक्कम तासांनी भागून पाकिटांत विभागावी आणि एका तासाचे पाकीट संपले की पुढचे उघडण्याआधी इमारतीबाहेर निदान पंधरा मिनिटे थांबावे. जिंकलेले पैसे वेगळ्या खिशात घालून पुन्हा लावू नयेत. मनगटी घड्याळात गजर लावावा. संथ खेळ निवडावा. ऑनलाइन खात्यावर दिवसाची नव्हे, महिन्याची भरणा-मर्यादा लावावी, कारण दिवसाची मर्यादा रोज नव्याने मोकळी होते.

हरल्यावर पैज दुप्पट करण्याची युक्ती टिकत नाही. १ पासून सुरुवात करून ओळीने दहा डाव गेले, तर १,०२३ गेलेले असतात आणि अकराव्या डावाला १,०२४ लावावे लागतात. बहुतेकदा त्याआधीच टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. ‘आता तरी येईलच’ हा हिशोबही खोटा आहे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोत रूलेटवर सलग २६ वेळा काळा रंग आला. आता लाल येणारच म्हणून लाल रंगावर लावत गेलेल्यांचे अतोनात नुकसान झाले.

मर्यादा वारंवार मोडत असेल, तर प्रश्न शिस्तीचा राहत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ च्या निदानसंहितेत जुगाराच्या विकाराचे नऊ निकष आहेत आणि बारा महिन्यांत चार किंवा अधिक आढळल्यास निदान होते. गेलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, खेळाबद्दल खोटे बोलणे, थांबण्याचे प्रयत्न फसणे, पैशासाठी इतरांवर विसंबणे हे त्यांपैकी काही. अशा वेळी कमी खेळण्याचा प्रयोग करण्यापेक्षा पूर्ण थांबणे सोपे जाते. त्यासाठी स्वयंबंदीची सोय आहे : माणूस स्वतःहून नाव नोंदवतो आणि ठरावीक काळ त्याला प्रवेश नाकारला जातो. ब्रिटनच्या ऑनलाइन खेळांसाठी गॅमस्टॉप ही योजना सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे असे पर्याय देते. काही बँका जुगाराचे व्यवहार अडवून ठेवतात. ही अडवणूक काढायची म्हटली तरी एक-दोन दिवस थांबावे लागत असेल तर ती अधिक परिणामकारक ठरते, कारण खेळण्याची उबळ बहुधा त्याआधी ओसरते. सोबत विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे बोधात्मक वर्तन उपचार किंवा १९५७ पासून चालत आलेल्या, जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमससारख्या गटाचा आधार घ्यावा.

घरच्यांनी कर्ज फेडण्यासाठी रोख रक्कम त्या माणसाच्या हाती देऊ नये. ज्यांचे पैसे देणे आहे त्यांची पूर्ण यादी मागावी, पैसे थेट त्यांनाच द्यावेत आणि पगाराच्या खात्याचा व्यवहार काही काळ दुसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे सोपवावा. जुगाराच्या विकारात आत्महत्येचा धोका वाढतो आणि मोठा तोटा उघड होतो तो काळ विशेष नाजूक असतो. त्या दिवसांत माणसाला एकटे सोडू नये, मरणाची भाषा आली तर तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी आणि पैशाचा जाब नंतर विचारावा.