कांद्या-लसणाच्या नियमात तंबाखू कशी आली

कुराणात तंबाखूचा उल्लेख नाही, आणि असणार तरी कसा? हे झाड मूळचं अमेरिकेतलं. मुस्लिम मुलखांत ते पोहोचलं सोळाव्या शतकाच्या अखेरीस. उलेमांपुढे, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांपुढे, पेच पडला: या नव्या वस्तूला जुना कोणता नियम लावायचा? हाताशी एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, होती. कांदा-लसूण खाल्लेल्याने मशिदीत येऊ नये. माणसांना ज्याचा त्रास होतो, त्याचा फरिश्त्यांनाही होतो. हुक्क्याचा वास याच कलमाखाली आला.

इथे बरेच जण गल्लत करतात. तंबाखू नापाक आहे असं बहुतेक फकीह (धर्मशास्त्राचे जाणकार) मानत नाहीत आणि ती ओढल्याने वुजूही, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवून मिळवलेली शुद्धीही, तुटत नाही. रोजा मात्र तुटतो. म्हणजे हुक्का ओढून आलेल्याला पुन्हा वुजू करायची गरज नाही. पण मिसवाक (दातवण) करून, खळखळून चूळ भरून वास घालवल्याशिवाय जमातीत, म्हणजे सामुदायिक नमाजात, उभं राहणं गैर. तंबाखूचं पान चघळणाऱ्यालाही तेच लागू.

हलाल-हरामचा वाद वेगळा, आणि तो चांगलाच पेटला. सतराव्या शतकात कैरोत इब्राहिम अल-लकानी तंबाखूच्या विरोधात लिहीत होते, तर अली अल-उजहुरी बाजूने. दोघेही मालिकी या एकाच सुन्नी पंथाचे! इस्तंबूलमध्ये सुलतान मुराद चौथ्याने १६३३ मध्ये बंदी घालून थेट मृत्युदंड ठेवला. त्यामागे धर्माइतकीच कॉफीखान्यांत जमणाऱ्या टोळक्यांची धास्ती होती. पुढे दमास्कसचे सूफी विद्वान अब्दुल गनी नाबुलुसी यांनी तंबाखू मुबाह, म्हणजे धर्माला चालणारी, असल्याचा ग्रंथच लिहिला.

मुघल दरबारात तंबाखू गेली ती दख्खनमधून. अकबराचा दरबारी असद बेगने १६०४च्या सुमारास विजापूरहून रत्नजडित हुक्का आणला. अकबराने झुरके घेतले, हकिमाने अडवलं. जहांगीरची १६१७ची बंदी कुणी फारशी जुमानली नाही.

इराणात १८९१ मध्ये शिया धर्मगुरू मिर्झा शिराझींच्या नावाचा तंबाखूविरोधी फतवा निघाला आणि शहाच्या जनानखान्यातले हुक्केही थंडावले. रोख मात्र इंग्रज कंपनीला दिलेल्या मक्तेदारीवर होता. ती रद्द होताच हुक्के पुन्हा पेटले.

विसाव्या शतकात कर्करोगाचे पुरावे आले, तसा ‘स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका’ या आयतीचा आधार घेऊन हराम म्हणणारे वाढले. तरी एकमत नाहीच. इंडोनेशियात मुहम्मदिया संघटनेने २०१० मध्ये धूम्रपान हराम ठरवलं. तिथलीच नहदलतुल उलेमा ते मकरूह, म्हणजे नापसंत, यापलीकडे न्यायला तयार नाही.