करड्यातून लाल काढणार कसा?

डिसेंबर उजाडला की जुन्या कृष्णधवल ख्रिसमसपटांच्या रंगवलेल्या क्लिप फिरू लागतात आणि खाली हमखास लिहिलेलं असतं, 'एआयने मूळ रंग परत आणले'. यंदा माझा अतिशय लाडका 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) असा दिसला आणि राहवेना. मूळ रंग परत येत नाहीत, येऊच शकत नाहीत.

रंगीत चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा, प्रत्येक शून्य ते २५५. त्यांचं करड्यात रूपांतर करायचं टीव्हीचं जुनं सूत्र असं: ०.२९९ × लाल + ०.५८७ × हिरवा + ०.११४ × निळा. आता नुसता लाल २०० घ्या. उत्तर ६०. नुसता हिरवा १०२ घ्या. उत्तर पुन्हा ६०! लाल स्वेटर आणि हिरवी फांदी, दोन्ही एकाच करड्या छटेत. कृष्णधवल फिल्मचे गुणांक (०.२९९ वगैरे) वेगळे, भिंगावर फिल्टर चढवला की तेही बदलतात. पण तिनाचा एक होतो तो होतोच. बेरीज दहा आली एवढंच सांगितलं तर मूळ संख्या कोणत्या, हे कोण सांगणार?

मग रंगवलेलं पटतं कसं? डोळ्याला उजेड-सावलीचे बारकावे टिपता येतात, रंगाचे तितके नाहीत. रंग कडेबाहेर जरासा सांडला तरी खपून जातो. म्हणूनच १९८०च्या दशकात एका दृश्यातली एक चौकट कलाकार रंगवी आणि पुढच्या चौकटींत संगणक तोच रंग भरत जाई. १३० मिनिटांचा हा चित्रपट, सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे सुमारे १,८७,०००.

निवड मात्र कुणाच्या तरी मनाची. नायक जेम्स स्टुअर्ट यांची तक्रारच होती की, व्हायोलेट नावाच्या पात्राचे कपडे नावावरून जांभळे करून टाकले. एआय लाखो रंगीत फोटोंवरून 'सहसा काय असतं' ते भरतं. अंदाज चांगला असेल, पण पुरावा नव्हे.

सूत्रातून खात्रीने उलट मिळतात ती दोनच टोकं, ठार काळं आणि ठार पांढरं. करडा आकडा २५५ असेल तर तिन्ही २५५च असावे लागतात. या चित्रपटातलं बर्फ त्या टोकाच्या जवळ जातं. ते बर्फही कॅलिफोर्नियाच्या ऐन उन्हाळ्यात, आग विझवायच्या फेसात साबण-पाणी मिसळून केलेलं.